मोस्तारमध्ये कोण राहतं?

गेल्या अंकात बोस्नियातल्या मोस्तार गावच्या जुन्या पुलावरून नदीत उडी घेणाऱ्या तरुणाचं छायाचित्र आलं होतं. मी महाराष्ट्र पोलिसांतून निवृत्त झालो. १९९०च्या दशकाच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या पोलीस पथकातून माझी नेमणूक या गावी होती, असं मी त्या छायाचित्राखाली लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. यावेळचं सदर सगळं मोस्तारलाच देतो आहे, कारण प्रश्न मनापासून विचारलेले आहेत.

क्रोएशियाच्या सहलीत आम्ही मोस्तारला दोन तास थांबलो. गाइडनं सांगितलं, नदीच्या या काठाला ख्रिश्चन, त्या काठाला मुसलमान. हे खरं आहे का? आणि नेमके किती लोक कोणत्या समाजाचे आहेत?
*निवृत्त बँक अधिकारी, नाशिक*

गाइडचं वाक्य पर्यटकांच्या लक्षात राहावं म्हणून सोपं केलेलं आहे. गावाची फाळणी नेरेत्वा नदीनं केलेली नाही. नदीच्या पश्चिमेला थोडं आत गेलं की 'बुलेवार' नावाचा रुंद रस्ता लागतो. १९९३ साली युद्धाची आघाडी याच रस्त्यावर होती, एका फुटपाथवर एक सैन्य आणि समोरच्या फुटपाथवर दुसरं. जुना पूल, त्याच्या दोन्ही टोकांचा बाजार आणि बुलेवारपर्यंतची पश्चिमेची चिंचोळी पट्टी बोस्नियाकांच्या, म्हणजे मुसलमानांच्या, बाजूला राहिली. तुम्ही पूल ओलांडून 'ख्रिश्चन बाजूला' गेलात असं तुम्हाला वाटलं असेल, पण दोन्ही वेळा तुम्ही बोस्नियाक वस्तीतच होता.

आधी नावं स्पष्ट करतो. तिथं क्रोएट म्हणजे बहुतेक कॅथलिक, सर्ब म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि बोस्नियाक म्हणजे मुसलमान परंपरेतले. तिघंही स्लाव्ह वंशाचे आहेत. तिघांची बोली इतकी सारखी की माझ्या दुभाषी मुलीला कुठल्याच ठाण्यात अडचण आली नाही. चेहऱ्यावरून कोण कुठला, हे तिथल्या माणसालाही सांगता येत नाही. ओळखतात ते नावावरून.

आता आकडे. युद्धाआधीची शेवटची जनगणना १९९१ची. मोस्तार महापालिका हद्दीत तेव्हा १,२६,६२८ माणसं होती. त्यात मुसलमान ४३,८५६, क्रोएट ४३,०३७, सर्ब २३,८४६. 'युगोस्लाव' असं नोंदवलेले १२,७६८ आणि इतर ३,१२१. त्यानंतरची जनगणना थेट २०१३ साली झाली. तिच्यात एकूण १,०५,७९७. क्रोएट ५१,२१६, बोस्नियाक ४६,७५२, सर्ब ४,४२१, बाकी सगळे मिळून साडेतीन हजारांच्या आत.

कोणाची टक्केवारी वाढली, एवढं बघून बहुतेक जण थांबतात. मी सर्बांच्या आकड्यापाशी थांबतो. शंभरातले एकोणीस होते, ते चार उरले. आणि त्याहून जास्त वेळ थांबतो 'युगोस्लाव' या रकान्यापाशी. १९९१ साली दहापैकी एका मोस्तारकरानं सरकारी कागदावर सांगितलं होतं की मी ना क्रोएट, ना सर्ब, ना मुसलमान. यात घरात दोन धर्म असलेली कुटुंबं होती, कम्युनिस्ट पार्टीचे लोक होते, आणि हा प्रश्नच ज्यांना पसंत नव्हता असेही होते. पुढच्या गणनेत हा रकाना उरला नाही. त्यातली माणसं परदेशी गेली, किंवा तिन्हीपैकी एका नावाखाली आली, नाहीतर 'इतर' झाली.

मी ज्या घरात भाड्यानं राहत होतो तिथल्या बाई जन्मानं कॅथलिक, त्यांचे दिवंगत पती सर्ब घरातले. १९९१ साली दोघांनी 'युगोस्लाव' लिहिलं होतं. मुलगी युद्धात स्वीडनला गेली आणि तिकडचीच झाली. बाई रोज दुपारी तांब्याच्या जेझ्व्यात, म्हणजे लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात, कॉफी करायच्या. साखरेचा खडा कॉफीत किंचित बुडवायचा, त्याचा कोपरा दातानं तोडायचा आणि वर घोट घ्यायचा, हे त्यांनी मला शिकवलं. एकदा घरभाड्याच्या कुठल्याशा फॉर्मवर त्यांना समाज लिहायचा होता. पेन हातात धरून त्या बराच वेळ बसल्या आणि शेवटी फॉर्म तसाच कोरा ठेवून उठल्या. मोस्तारच्या लोकसंख्येचा तक्ता बघताना मला ते टेबल दिसतं. शहर पुन्हा मिसळतं आहे की नाही हे एकूण बेरजेवरून कळत नाही, कारण बेरीज आजही मिश्रच दिसते. कोणत्या रस्त्यावर कोण राहतं आणि कोणाला कुठं नाव लिहिता येत नाही, ते बघावं लागतं.

मुळात एवढे वेगवेगळे लोक एका गावात जमले कसे? मूळचे कोण आणि बाहेरून आलेले कोण?
*निवृत्त शिक्षिका, सातारा*

बाई, 'मूळचे कोण' हा प्रश्न तिथं तिन्ही बाजूंचे लोक विचारतात आणि प्रत्येक बाजू स्वतःचंच नाव घेते. मला जे पटलं ते मांडतो: लोक फारसे बाहेरून आले नाहीत, राज्यं बाहेरून आली.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा मुलूख उस्मानी तुर्कांकडे गेला. नदीवर तेव्हा लाकडी झुलता पूल होता. पुढं सुलतान सुलेमानच्या हुकमावरून १५५७ ते १५६६ या काळात दगडी पूल बांधला गेला. बांधणारा मिमार हायरुद्दीन. एकच कमान, साधारण २९ मीटर लांबीची, मध्ये खांब नाही. पुलाबरोबर बाजार वाढला, कारागिरांच्या पेठा झाल्या, काराजोझ बेगाची मशीद याच सुमाराची. कित्येक स्थानिक कुटुंबांनी पिढ्यांपिढ्या हळूहळू इस्लाम स्वीकारला, कित्येक ऑर्थोडॉक्स किंवा कॅथलिक राहिली. फ्रान्सिस्कन पाद्री या भागात टिकून होते. ऑर्थोडॉक्स व्यापारी एकोणिसाव्या शतकात इतके सधन झाले की १८७३पर्यंत टेकडीवर त्यांचं भव्य कॅथेड्रल उभं राहिलं. कवी अलेक्सा शांतिच याच समाजातला. त्यानं 'एमिना' नावाच्या मुसलमान मुलीवर लिहिलेली कविता आजही तिथं गाण्यासारखी म्हटली जाते, आणि म्हणणारा कोणत्या बाजूचा आहे याला महत्त्व नसतं.

१८७८ साली ऑस्ट्रिया-हंगेरीचं राज्य आलं. १८८५ साली मोस्तारला समुद्राच्या बाजूनं, मेत्कोविचहून, रेल्वे आली. नोकरदार, अभियंते, थोडे ज्यू व्यापारी आले. त्यांच्या सिनॅगॉगच्या इमारतीत नंतर बाहुल्यांचं नाट्यगृह झालं. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या साथीच्या क्रोएट उस्ताशा राजवटीनं सर्ब आणि ज्यूंवर जे अत्याचार केले त्यातून ज्यूंची वस्ती जवळजवळ संपली.

मग कम्युनिस्ट नेता टिटोचा युगोस्लाव्हिया. इथं मोस्तार खऱ्या अर्थानं शहर झालं. सोको नावाचा विमानांचा कारखाना निघाला, तिथं 'गालेब' ही प्रशिक्षणाची जेट विमानं बनायची. सूतगिरणी आणि पुढं अॅल्युमिनियमचा कारखानाही आला. कामगारांसाठी पश्चिमेला नव्या इमारती बांधल्या आणि फ्लॅट कारखान्यानं वाटले, त्यामुळे एका जिन्यावर तिन्ही समाज आले. मिश्र लग्नांसाठी मोस्तार अख्ख्या युगोस्लाव्हियात ओळखलं जायचं. माझ्या मते हे कुणी समजावून घडलं नाही. एकच जिना, एकच शिफ्ट आणि वेलेझ हा एकच फुटबॉल क्लब, यातून घडलं.

पूल नक्की कोणी पाडला? एकाच गावात तीन बाजू लढल्या म्हणजे कसं?
*वकील, सोलापूर*

दोन युद्धं झाली, हे लक्षात घेतलं की गुंता सुटतो.

पहिलं युगोस्लाव्हिया फुटल्यावर, १९९२च्या एप्रिल ते जूनमध्ये. युगोस्लाव सैन्य आणि सर्ब दलं पूर्वेच्या डोंगरांवर होती, तिथून शहरावर तोफा चालत होत्या. फ्रान्सिस्कनांचं चर्च, कॅथलिक बिशपचं निवासस्थान आणि त्यातला ग्रंथसंग्रह, मशिदी, सगळ्यांचं नुकसान झालं. जुना सोडून बाकीचे पूल पडले. क्रोएट आणि मुसलमान तेव्हा एकत्र लढले आणि जूनमध्ये सर्ब सैन्य मागं हटलं. जाताना उबोराक आणि सुतिना इथं नागरिकांची कत्तल झाली. सैन्य हटलं तशी शहरातली बहुतेक सर्ब वस्तीही गेली, आणि टेकडीवरचं ऑर्थोडॉक्स कॅथेड्रल त्यानंतर लगेच जाळून सुरुंगानं उडवण्यात आलं. आधीच्या उत्तरातला एकोणीस टक्क्यांचा आकडा त्याच उन्हाळ्यात कोसळला.

दुसरं युद्ध कालच्या मित्रांमध्ये. ९ मे १९९३ला पहाटे क्रोएट सैन्यानं, म्हणजे एचव्हीओनं, शहरातल्या मुसलमानांवर हल्ला केला. पश्चिम भागातल्या मुसलमान कुटुंबांना घराबाहेर काढलं. पुष्कळांना हेलिओद्रोम इथल्या छावणीत डांबलं, पुष्कळांना बुलेवारपलीकडे हाकललं. पूर्व मोस्तार दहा महिने वेढ्यात होतं. जुना पूल ९ नोव्हेंबर १९९३ला सकाळी एचव्हीओच्या रणगाड्याच्या माऱ्यानं कोसळला. मार्च १९९४मध्ये वॉशिंग्टन करार झाला आणि ही लढाई थांबली.

तुम्ही वकील आहात म्हणून पुढचंही सांगतो. हेग इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं या मोहिमेबद्दल सहा क्रोएट नेत्यांना दोषी ठरवलं, अपिलाचा निकाल २९ नोव्हेंबर २०१७ला लागला. त्यातला एक, स्लोबोदान प्राल्याक, निकाल ऐकताच न्यायालयातच विष प्यायला. मुसलमानांना हुसकावण्याचा कट अपिलातही कायम राहिला. पुलाबद्दल मात्र अपील पीठानं खालचा निष्कर्ष फिरवला. त्या वेळी सैन्य पुलाचा वापर करत होतं, म्हणून ते लष्करी लक्ष्य होतं, असं पीठाचं म्हणणं पडलं. कायद्याच्या चौकटीत ते बसत असेल. पुलावरून वेढ्यातल्या लोकांसाठी पाणीही आणलं जायचं, त्यामुळे हा भाग मला आजही पचत नाही.

आमच्या चर्चचा गट मेजुगोर्येच्या यात्रेला गेला होता. येताना मोस्तारला डोंगरावर मोठा क्रॉस दिसला. मी हात जोडले, तर शेजारच्या दुकानातली बाई तोंड फिरवून आत गेली. माझं काही चुकलं का?
*एक भगिनी, वसई*

ताई, तुमचं काही चुकलं नाही. तुमच्या नमस्कारात काही वावगं नव्हतं आणि त्या बाईंचा रागही तुमच्यावर नव्हता.

तो डोंगर म्हणजे हूम. १९९३ साली त्याच डोंगरावरून पूर्व मोस्तारवर तोफा डागल्या जात होत्या. २००० साली तिथं ३३ मीटर उंचीचा क्रॉस उभारला. कॅथलिक माणसाला तो श्रद्धेची खूण वाटतो. ज्या बाईंच्या घरावर त्या डोंगरावरून गोळे पडले त्यांना क्रॉस बघताना डोंगर दिसतो. फ्रान्सिस्कन चर्चच्या नव्या घंटाघराचंही तसंच. १०७ मीटरचा तो मनोरा चर्च पुन्हा बांधताना उभा राहिला. तिकडं नव्या मशिदींचे मिनार वाढले. युद्धानंतरच्या दशकात हे शहर उंच-उंच बांधलं जात होतं आणि खाली राहायला घरं नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

श्रद्धेच्या जागांवरून तिथं रक्तही सांडलं आहे. पश्चिम मोस्तारच्या लिस्का रस्त्यावर एक बाग आहे, युद्धात तिचं कब्रस्तान झालं. १० फेब्रुवारी १९९७ला बायराम, म्हणजे आपल्याकडची ईद, म्हणून सुमारे दोनशे बोस्नियाक आपल्या माणसांच्या कबरींवर जायला निघाले. क्रोएट पोलिसांनी त्यांना अडवलं आणि परत फिरलेल्या जमावावर पाठीमागून गोळ्या झाडल्या. एक जण ठार, वीसच्या आसपास जखमी. मी तिथं पोचलो तेव्हा घटना होऊन गेली होती, पण आमच्या पथकाचा अहवाल आणि गोळी झाडणाऱ्या गणवेशातल्या पोलिसांची छायाचित्रं मी बघितली. मी आयुष्यभर जी वर्दी अभिमानानं घातली, तशीच वर्दी घातलेले लोक कबरींवर निघालेल्या माणसांच्या पाठीवर गोळ्या झाडत होते. ते छायाचित्र मला फार लागलं.

मेजुगोर्येचा प्रश्न वेगळा. तुमची प्रार्थना तुमची आहे. पुढल्या वेळी मोस्तारला गेलात तर कॉफी त्याच दुकानात घ्या, बाई बोलतील.

आम्ही मराठा लाइट इन्फंट्रीवाले. आमच्या रेजिमेंटचे नंबियारसाहेब बोस्नियात होते असं ऐकलं होतं. आणि आपण पोलीस तिथं नेमकं काय करत होता?
*निवृत्त सुभेदार, बेळगाव*

सुभेदारसाहेब, ऐकलंत ते बरोबर. लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार हे तुमच्याच रेजिमेंटचे, १९७१च्या युद्धातले वीरचक्र विजेते. मार्च १९९२मध्ये पूर्वाश्रमीच्या युगोस्लाव्हियातल्या संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे ते पहिले प्रमुख झाले. सेना मुख्यतः क्रोएशियासाठी होती, मुख्यालय मात्र शांत जागा म्हणून सारायेव्होला ठेवलं. एप्रिलमध्ये त्याच शहरात युद्ध पेटलं. वर्षभरानं, मार्च १९९३मध्ये, ते परतले.

आम्ही गेलो ते नंतर, १९९५ साली बोस्नियातलं युद्ध संपवणाऱ्या डेटन करारानं नेमलेल्या आंतरराष्ट्रीय पोलीस दलातून. आमच्याकडे शस्त्र नव्हतं. अटक करण्याचा अधिकार नव्हता. स्थानिक पोलिसांवर नजर ठेवायची, त्यांच्या तपासात पक्षपात होतोय का बघायचं, बेकायदा नाकी उठवायची आणि दोन्ही समाजांचे पोलीस एकाच गाडीत बसवून गस्तीला पाठवायचे. शेवटचं काम सगळ्यात अवघड. सुरुवातीला दोघं गाडीत पुढं-मागं बसायचे आणि पूर्ण पाळीत एक शब्द बोलायचे नाहीत.

आम्ही तिथं असताना झालेलं एक काम मी खात्रीनं चांगलं म्हणतो. युद्धानंतर गाड्यांच्या नंबरप्लेट तीन प्रकारच्या होत्या: एका बाजूच्या प्लेटवर लिलीचं फूल, दुसऱ्या बाजूच्या प्लेटवर लाल-पांढरी चौकट, सर्ब भागात सिरिलिक अक्षरं. लांबून गाडी बघितली की आत कोण बसलंय ते कळायचं. त्यामुळे लोक पलीकडे जायचेच नाहीत. दगड पडायचे, नाक्यावर खाली उतरवायचे. १९९८च्या सुरुवातीला सगळ्या देशाला एकसारख्या प्लेट दिल्या. त्यावर गावाचं नाव नाही, आणि लॅटिन व सिरिलिक दोन्ही लिप्यांत सारखी दिसतात तेवढीच अक्षरं घेतली: ए, ई, जे, के, एम, ओ, टी. आमच्या गस्तीच्या नोंदींत बुलेवार ओलांडणाऱ्या गाड्या काही आठवड्यांतच वाढलेल्या दिसू लागल्या. आमची दुभाषी मुलगी पूर्वेची. तिनं तोवर कधी कामाशिवाय रस्ता ओलांडला नव्हता. नवी प्लेट लावून ती वडिलांना घेऊन त्यांचा जुना फ्लॅट बघायला पश्चिमेला गेली. दार दुसऱ्याच कुटुंबानं उघडलं. त्यांनी आत बोलावलं नाही, पण दारातच उभं राहून वडिलांच्या पुस्तकांचा एक खोका परत दिला.

'एका छपराखाली दोन शाळा' हा प्रकार मोस्तारला आहे असं वाचलं. ते कसं चालतं?
*अकरावीचा विद्यार्थी, पुणे*

तुझ्या वयाच्या मुलांचाच हा विषय आहे, म्हणून नीट सांगतो. बोस्नियाच्या मध्य आणि हर्झेगोव्हिना भागात अशा शाळा आहेत जिथं इमारत एक, पण क्रोएट आणि बोस्नियाक मुलांचे अभ्यासक्रम, शिक्षक आणि काही ठिकाणी दारंसुद्धा वेगळी. इतिहास वेगळा शिकवतात हे ओघानं आलंच.

मोस्तारचं जिमनॅशियम त्यातलं प्रसिद्ध. बुलेवारजवळच, स्पॅनिश चौकात, ऑस्ट्रियन काळात मूरिश धाटणीत बांधलेली पिवळी-केशरी इमारत. युद्धात पार खिळखिळी झाली होती. २००४ साली दोन्ही शाळांचा कारभार एक केला, पण अभ्यासक्रम दोन राहिले. २००६पासून त्याच इमारतीत युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झालं. तिथं मात्र तिन्ही समाजांची आणि जगभरची मुलं एका वर्गात बसतात. तुझ्या शेजारी मुळशीत याच संस्थेचं महिंद्रा कॉलेज आहे. मोस्तारच्या कॉलेजात शिकलेली मुलं कदाचित तुला तिथल्या मित्रमंडळींत भेटतीलही. प्रवेशासाठी भारतातली निवड समिती असते, तेव्हा मनात असेल तर आत्ताच चौकशी कर.

तिथं म्हणे बारा वर्षं महापालिकेची निवडणूकच झाली नाही. का?
*पालिका कर्मचारी, सांगली*

आपल्याकडं मुंबईसकट कितीतरी महापालिका २०२२पासून प्रशासकाच्या हाती होत्या, म्हणून हा प्रश्न तुम्हाला जवळचा वाटला असणार. मोस्तारचं कारण वेगळं.

२००४ साली डेटन करारावर देखरेख ठेवणारे आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधी पॅडी अॅशडाउन यांनी सहा पालिका मोडून एक शहर केलं आणि कोणत्याही समाजाला एकहाती सत्ता मिळू नये असे नियम घातले. २००८ साली निवडणूक झाली. २०१० साली देशाच्या घटना न्यायालयानं त्या नियमांतले काही भाग रद्द केले, कारण प्रभागागणिक मताचं वजन असमान पडत होतं. नवे नियम दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून करायचे होते. मोठ्या क्रोएट पक्षाला अख्खं शहर एक मतदारसंघ हवा होता, कारण बेरजेत ते पुढे होते. बोस्नियाक पक्षाला तेच नको होतं. या भांडणात २०१२ आणि २०१६ची निवडणूक गेली. नगरसेवक नाहीत, एकटे महापौर कारभार बघतायत, आणि कचरा रस्त्यावर.

इर्मा बाराल्या या मोस्तारच्या शिक्षिका आणि छोट्या पक्षाच्या कार्यकर्त्या. आपल्याला मत देता येत नाही म्हणून त्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि ऑक्टोबर २०१९मध्ये जिंकल्या. २० डिसेंबर २०२०ला निवडणूक झाली, आणि त्या स्वतः नगरसेविका म्हणून निवडून आल्या. देशाच्या राज्यघटनेत आजही अध्यक्षमंडळाच्या जागा फक्त बोस्नियाक, क्रोएट आणि सर्बांसाठी राखलेल्या आहेत. एक रोमा आणि एक ज्यू नागरिक, सेयदिच आणि फिंत्सी, यांनी २००९ साली याविरुद्ध निकाल मिळवला, तो अजून अमलात यायचा आहे. माझ्या घरमालकीणबाईंसारख्या माणसाला त्या निवडणुकीला उभं राहायचं असेल तर कोणत्या तरी एका रकान्यात बसावंच लागतं.

मे महिन्यात जाणार आहोत. पूल सोडून काय बघावं?
*एक जोडपं, ठाणे*

पूल बघाच. २००४च्या २३ जुलैला तो पुन्हा खुला झाला. त्याच भागातला तेनेलिया दगड, जुन्याच पद्धतीनं लोखंडी आकडे शिशानं बसवलेले, आणि नदीत पडलेले जुने दगड हंगेरीच्या पाणबुड्या लोकांनी बुड्या मारून वर काढले होते. पायऱ्या गुळगुळीत आहेत, रबरी तळव्याचे बूट घाला.

मग गर्दी सोडा. स्पॅनिश चौकातून बुलेवारवर चालत जा, गोळ्यांनी चाळण झालेल्या काही इमारती अजून तशाच उभ्या आहेत. तिथून पश्चिमेला पार्टिझन स्मारक. बोग्दान बोग्दानोविच या वास्तुकारानं दुसऱ्या महायुद्धात फॅसिस्टांशी लढताना मेलेल्या मोस्तारकरांसाठी डोंगराच्या उतारावर ते रचलं, १९६५ साली खुलं झालं. प्रत्येकासाठी एक छोटी शिळा, तिच्यावर नाव, कोणत्याही धर्माची खूण नाही. मृत माणसंसुद्धा इथं मिसळलेली होती. जून २०२२मध्ये कुणीतरी रात्रीत यातल्या शेकडो शिळा फोडल्या. बघायला जाणारे कमी, म्हणून आवर्जून जा.

झ्रिन्येवाच बागेत २००५ साली तरुणांनी ब्रूस लीचा पुतळा उभारला होता. तिन्ही समाजांत कुणालाच न दुखावणारा नायक हवा, असा त्यांचा विचार होता. पुतळा पुढं चोरीला गेला, त्यामुळे तो शोधत फिरू नका.

फुटबॉलची आवड असेल तर सामन्यांच्या तारखा बघून जा. बियेली ब्रियेगच्या मैदानावर युद्धाआधी वेलेझ खेळायचा, आता तिथं क्रोएट समाजाचा झ्रिन्स्की क्लब खेळतो आणि वेलेझ शहराबाहेर व्रापचिचीला. बसनं जाणार असाल तर तिकिटावर कोणतं स्टँड लिहिलंय ते बघा, कारण शहरात दोन आहेत, पूर्वेचं रेल्वे स्टेशनला लागून. मुक्काम किमान एक रात्र करा. दुपारी ऊन कडक असतं, तेव्हा सकाळी आठच्या आत निघा.